ऑक्टोबरचं तळं, रबराचं गांडूळ आणि दोरीवरचं बोट



इथे मिशिगनमध्ये ऑक्टोबर लागला की दोन गोष्टी हमखास होतात. मेपलची पानं लाल होतात आणि मला निरोप यायला लागतात. "अरे, जुलैमध्ये याच तळ्यात, याच रबराच्या गांडुळावर बास लागत होते. आता सकाळपासून उभा आहे, दोरी हलत नाही. गांडुळाचा रंग बदलून बघू का?"

रंग नका बदलू. वेग बदला. आजच्या भागाचं सार विचाराल तर एवढंच आहे. शरद ऋतूत बास मिळवायचा असेल तर हात सावकाश चालला पाहिजे. पण या सावकाशीत एक धोकासुद्धा आहे, आणि तो मला 2018 साली माझ्या बाबांच्या समोर कळला. ती गोष्ट मी या भागात सांगणार आहे. आधी कामाचं बोलू.

ज्यांनी हा मासा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लार्जमाऊथ बास म्हणजे हिरवट अंगाचा, कुशीवर काळपट पट्टा असलेला, आणि नावाप्रमाणे भलंमोठं तोंड असलेला मासा. तोंड मिटलं तरी जबडा डोळ्याच्या मागपर्यंत जातो. आपल्याकडच्या तळ्यांमध्ये मरळ जशी वनस्पतींच्या आड दबा धरून बसते, तसाच काहीसा याचा स्वभाव. भक्ष्य जवळून गेलं की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढायचं. चावणं वगैरे भानगड नाही. हे "आत ओढणं" लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता पाण्याचं बघू. मासा थंड रक्ताचा. पाणी जितकं थंड, तितकं त्याचं शरीर मंद. सप्टेंबरमध्ये पाणी 70 फॅरनहाइटवरून, म्हणजे साधारण 21 सेल्सियसवरून, उतरायला लागतं. 60 ते 65च्या आसपास बास खूश असतो. छोट्या माशांच्या थव्यांमागे उथळ पाण्यात येतो, हिवाळ्याआधी भरपूर खातो. तेव्हा वेगाने ओढायची आमिषंही चालतात, आणि तेव्हा गांडूळ घेऊन बसण्याचा हट्ट मीसुद्धा करत नाही. पण पाणी 55च्या खाली, म्हणजे 13 सेल्सियसच्या खाली गेलं की हिशोब बदलतो. मासा खातो, पण धावत नाही. समोर आलं, बराच वेळ समोर राहिलं, तर तोंड उघडतो. पन्नाशीत तर अगदी नाकासमोर न्यावं लागतं. म्हणून माझ्या खिशात एक साधा थर्मामीटर असतो, सुतळीला बांधलेला. तळ्यावर गेल्यावर पहिला तो पाण्यात सोडतो, रॉड नंतर.

दुसरी गोष्ट म्हणजे तळ्याची उलथापालथ. खोल तळ्यांत उन्हाळ्यात पाण्याचे थर होतात. वर गरम आणि हलकं पाणी, खाली गार आणि जड, आणि तळाशी प्राणवायू कमी. शरद ऋतूत वरचं पाणी गार होतं, जड होऊन खाली बसायला लागतं, त्यात वारा हात घालतो आणि एके दिवशी सगळं तळं ढवळून निघतं. पाणी गढूळ दिसतं, तळाचा कुजका कचरा वर येतो, कधी कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. असं दिसलं तर त्या तळ्याशी झगडू नका. मासे विखुरलेले असतात. चार-आठ दिवस जाऊ द्या, नाहीतर एखाद्या उथळ तळ्यावर जा. उथळ तळ्यात असे पक्के थर मुळात होतच नाहीत, त्यामुळे हा गोंधळही नसतो. मिशिगनमध्ये 11,000च्या वर तळी आहेत. दुसरं तळं शोधायला फार लांब जावं लागत नाही.

तिसरी गोष्ट पाणवनस्पतींची. ऑक्टोबरमध्ये बऱ्याच वनस्पती तपकिरी होऊन कुजायला लागतात, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात. ज्या अजून हिरव्या आहेत, तिथे लहान मासे, आणि त्यांच्या आशेने बास. गळाला जो पाला अडकून येतो तो फेकण्याआधी बघा. हिरवा, कडक असेल तर तिथेच थांबा. तपकिरी आणि लिबलिबीत असेल तर दहा पावलं पुढे चला. हा माझा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरा नकाशा.

आता गांडुळाकडे येऊ. आपण "रबराचं" म्हणतो, पण ते रबर नसतं. पीव्हीसी आणि त्याला मऊ करणारं एक द्रव रसायन यांचं मिश्रण तापवून साच्यात ओततात. 1949 साली ओहायोच्या अॅक्रनमध्ये निक क्रीम नावाच्या एका कारागिराने स्वयंपाकघरातल्या शेगडीवर असले प्रयोग करून मऊ प्लास्टिकचं गांडूळ बनवलं. तिथून हा सगळा धंदा उभा राहिला. पुढे टेक्सासच्या झाडाझुडपांनी भरलेल्या जलाशयांत लोकांनी गळाचं टोक गांडुळाच्याच अंगात लपवायची युक्ती काढली, म्हणजे ते फांद्यांत अडकत नाही. तीच टेक्सास रिग. आणि नव्वदच्या दशकात गॅरी यामामोटो यांचं सेन्को आलं. दिसायला अगदी साधं. ना शेपूट, ना पाय, फळ्यावरच्या खडूसारखी एक कांडी. पण त्यात मीठ भरलेलं असतं, त्यामुळे शिसं न लावताही ते बुडतं, आणि बुडताना दोन्ही टोकं हलकीशी थरथरतात. आपण काहीच करायचं नाही. काही न करणं, हीच त्याची करामत.

थंड पाण्यासाठी मी दोनच मांडण्या वापरतो.

पहिली, टेक्सास रिग. पाच इंची गांडूळ, 3/0चा वाकड्या मानेचा गळ, आणि पुढे बंदुकीच्या गोळीसारखं छोटं वजन. वजन जितकं हलकं चालेल तितकं हलकं. मी औंसाचा आठवा भाग, म्हणजे साडेतीन ग्रॅम लावतो. वारा नसेल तर तेही काढून टाकतो. वजन शक्यतो टंगस्टनचं घ्या. शिसं गिळून लून पक्षी मरतात, आणि काही राज्यांत छोट्या शिशाच्या वजनांवर बंदीही आहे.

दुसरी, वॅकी रिग. गांडुळाच्या बरोबर मधे रबराची छोटी रिंग सरकवायची आणि त्या रिंगेतून गळ घालायचा. गांडूळ दोन्हीकडे लोंबतं. बघायला हास्यास्पद. माझ्या मुलीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, "बाबा, याला मिशा आल्या." पण बुडताना त्या मिशा अशा काही हलतात की मंदावलेला बासही मोहात पडतो.

रंगाचं फार डोक्यात घेऊ नका. स्वच्छ पाण्यात भोपळी हिरवा, गढूळ पाण्यात काळा-निळा. झालं. आणि एक घरगुती सल्ला. थंडीत प्लास्टिक कडक होतं आणि थरथर निघून जाते. म्हणून गांडुळांची पिशवी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. बायको म्हणते तुझ्या जॅकेटला मासळी बाजाराचा वास येतो. येतोच, कारण बडीशेप आणि लसणाचा वास कंपनीनेच घातलेला असतो, बाकीचा माझा.

आता टाकायचं कसं? हिरव्या पाल्याच्या कडेला टाका. पाण्यात पडलं की रॉड खाली करा, दोरी थोडी सैल सोडा, आणि मनात आकडे मोजा. एक, दोन, तीन. सैल का? कारण दोरी ताणलेली असेल तर गांडूळ सरळ खाली न जाता झोपाळ्यासारखं तुमच्याकडे येतं, आणि थरथर मरते. समजा त्या जागी तळ गाठायला दहा आकडे लागले. पुढच्या वेळी सहालाच दोरी थांबली तर? तळ वर आलेला नाही. कोणीतरी तोंड उघडलंय.

तळाला पोचलं की पुन्हा दहा मोजा. काही करू नका. मग रॉडचं टोक फूटभर वर, आणि पुन्हा सैल सोडून खाली पडू द्या. उन्हाळ्यात मी एका तासात चाळीस वेळा टाकत असेन, तर ऑक्टोबरच्या शेवटी पंधरा. कंटाळा येतो का? येतो. पहिला अर्धा तास येतो.

आणि हाच तो धोका. दोरी सैल, हात निवांत, मन कुठेतरी भलतीकडे. बास गांडूळ आत ओढतो. प्लास्टिक मऊ आणि खारट, त्यामुळे त्याला ते लगेच थुंकावंसं वाटत नाही. तुम्हाला पत्ताच नाही. जाग येईपर्यंत गळ ओठात नाही, घशात गेलेला असतो.

2018च्या ऑक्टोबरमध्ये बाबा आमच्याकडे आले होते. आमचं गाव सिंधुदुर्गातलं, खाडीच्या काठचं. बाबा आयुष्यभर गरवणारे. गरी, दोरी, कोळंबी, आणि दोरी गुंडाळायला एक लाकडाचा तुकडा. रॉड नाही, रीळ नाही. तांबोसा, शेंगाळा, जे येईल ते घरी, आणि आई वाट बघत वाटण घेऊन बसलेली. त्यांना मी केंट लेकवर घेऊन गेलो. डेट्रॉइटच्या वायव्येला केन्सिंग्टन मेट्रोपार्क आहे, तिथे ह्युरॉन नदीवर बांध घालून केलेलं हे तळं. बराचसा भाग उथळ, पाणवनस्पती भरपूर. बाबांनी रबराचं गांडूळ हातात घेतलं, दाबलं, वास घेतला आणि विचारलं, "माशे ह्येका फसतत?" मी म्हटलं, "बघाच तुम्ही."

मी टाकलं. मोजले आकडे. आणि बाबांना थंडी वाजत होती म्हणून रॉड कठड्याला टेकवून थर्मासमधला चहा ओतायला वळलो. चहा ओतला, बिस्किटं काढली, गावाकडच्या जमिनीच्या मोजणीचा विषय निघाला. तीन-चार मिनिटं गेली असतील. रॉड उचलला तर जड. सतरा इंची बास. छान मासा. पण तोंड उघडून बघतो तो गळ कुठे दिसतच नाही. मी घाबरलो, पकड घातली आणि ओढलं. ती माझी दुसरी चूक. रक्त यायला लागलं, कल्ल्यांतून. पाण्यात सोडला, तर कुशीवर तरंगायला लागला. हाताने सरळ धरला, मागे-पुढे केला, पुन्हा सोडला, पुन्हा कुशीवर. वीस मिनिटं मी गुडघ्यावर बसून होतो. शेवटी हलायचा थांबला.

बाबा म्हणाले, "ऱ्हवांदे. घराक न्हेवया. कोकम आसा मां घरात?"

आणि मला सांगावं लागलं की हा खाता येत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्याच्या आरोग्य खात्याने केंट लेकमधला कुठलाच मासा खाऊ नका असा इशारा दिला होता, आणि मग तो ह्युरॉन नदीच्या मोठ्या पट्ट्यालाही लागू केला. कारण पीएफएएस. कारखान्यांत, आग विझवायच्या फेसात, न चिकटणाऱ्या भांड्यांत वापरली जाणारी ही रसायनं. पाण्यात उतरली की सहजासहजी मोडत नाहीत, माशाच्या अंगात साठत जातात. मासा धरून सोडायला हरकत नव्हती, खायचा मात्र नव्हता.

बाबा बराच वेळ त्या माशाकडे बघत बसले. मग म्हणाले, "खाऊचो नाय, तर मारतस कित्याक?"

मी म्हटलं, मारायला नाही येत बाबा, धरून सोडायला येतो. ते काही बोलले नाहीत. मासा तिथे पडलेला होता, त्यामुळे माझ्या वाक्याला काही अर्थही नव्हता. आम्ही तो पिशवीत घालून घरी आणला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. सत्तरीच्या त्या माणसाने आयुष्यात मासा कचऱ्यात टाकलेला नव्हता. डब्याचं झाकण त्यांनीच लावलं.

मी त्यानंतर दोन आठवडे तळ्यावर गेलो नाही. शेवटी बाबाच म्हणाले, चल. त्यांच्यासाठी एका दिवसाचा परवाना काढला. रॉड त्यांच्या हातात दिला, तर त्यांनी तो धरला आपल्या पद्धतीने. रिळाच्या पुढे दोरी तर्जनीवर घेतली, अगदी हलकी, जशी खाडीत घेतात. नजर दोरी पाण्यात शिरते त्या ठिपक्यावर. चहा नको म्हणाले. पाचेक मिनिटांनी म्हणाले, "इलो." मला काहीही दिसलं नव्हतं. मी म्हटलं, ओढा! त्यांनी सैल दोरी गुंडाळली आणि रॉड बाजूला ओढला. चौदा-पंधरा इंची बास, गळ वरच्या ओठाच्या कोपऱ्यात. दहा सेकंदांत काढला, पाण्यात धरला, शेपटीचा फटका मारून गेला. बाबांच्या चष्म्यावर पाणी उडालं. ते पुसत म्हणाले, "आता कसो गेलो बघ."

तेव्हापासून मी ही पद्धत वापरतो आणि तुम्हालाही तीच सांगतोय.

एक. गांडूळ पाण्यात आहे तोवर रॉड हातात. चहा प्यायचा असेल तर गांडूळ बाहेर काढा.

दोन. दोरी बोटावर, नजर दोरीवर. दोरीने बारीकशी उडी मारली, आडवी सरकली, मोजलेल्या आकड्याआधी थांबली, किंवा टोकाला ओली चिंधी अडकल्यासारखं जड लागलं, तर तो मासाच समजा. थंड पाण्यात दणका बसत नाही, एवढंच कळतं. खात्री करायला थांबू नका. दहातले चार वेळा पाला निघेल. निघू दे.

तीन. गळाचा काटा, म्हणजे टोकामागचा उलटा दात, पकडीने दाबून टाका. दोरी ताणलेली ठेवलीत तर मासे सुटत नाहीत, आणि गळ निघतो पटकन.

चार. एवढं करूनही गळ खोल गेलाच, तर ओढाओढ नको. डोळ्याला दिसत असेल आणि सहज वळत असेल तरच काढा. नाहीतर दोरी गळाच्या शक्य तितकी जवळ कापा आणि मासा सोडा. गळासकट सोडलेला मासा जगण्याची शक्यता, घसा फाडून काढलेल्या गळापेक्षा जास्त. दीड डॉलरचा गळ वाचवायला मी एक मासा मारला होता.

पाच. हात ओले करून धरा. मोठा मासा नुसत्या जबड्याला लटकवू नका, पोटाखाली दुसरा हात द्या. फोटो काढायचा असेल तर मासा बाहेर असताना स्वतःचा श्वास रोखून धरा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की त्यालाही हवाय.

सहा. फाटलेलं गांडूळ पाण्यात टाकू नका. ते कुजत नाही. मासे तळावरून उचलून खातात आणि ते पोटात साठून राहतं. मी एक रिकामी झिपची पिशवी सोबत ठेवतो. वॅकी रिगला रिंग लावायचं कारणही तेच, गळ थेट प्लास्टिकमधून घातला तर दोन माशांत गांडूळ तुटून तळाला जातं. आणि एका टोकाला फाटलं असेल तर ते टोक कापा, उरलेल्या तीन इंचांना छोट्या वजनाच्या गळावर उभं लावा. त्याला नेड रिग म्हणतात, आणि नोव्हेंबरच्या गार पाण्यात ते छोटं तुकडंच कधी कधी जास्त चालतं. आपली जुन्या साडीची गोधडी करणारी जात, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको.

आणि शेवटचं. ज्यांना मासा घरी न्यायचाय त्यांनी जरूर न्यावा, मी काही सोवळा नाही. नियमातल्या मापाचा, नियमातल्या संख्येत. फक्त निघायच्या आधी त्या तळ्यातला मासा खायला योग्य आहे का, हे राज्याच्या आरोग्य खात्याच्या यादीत बघून घ्या. या सूचना तळ्यागणिक वेगळ्या असतात आणि नव्या तपासण्या झाल्या की बदलतात. गेल्या वर्षी कोणीतरी सांगितलं होतं, यावर जाऊ नका.

बाबा आता गावी असतात. गुडघ्यांमुळे खाडीवर उतरणं कमी झालंय. दर ऑक्टोबरला मी तळ्यावरून त्यांना व्हिडिओ कॉल करतो, अर्थात गांडूळ बाहेर काढून. ते पहिला प्रश्न कधीच "किती मिळाले" असा विचारत नाहीत. विचारतात, "सगळे गेले मां नीट?"

या मोसमात अजून पाच माशे झालेत. पाचही गेले.

चला, पुढच्या भागात बर्फ पडायच्या आधी रिळाची साफसफाई कशी करायची ते बघू. तोवर थर्मामीटर खिशात ठेवा, आणि बोट दोरीवर. नमस्कार.